इंद्रभान मिस्त्रीची लाल खूण

बापलेकात ठरलं होतं ते एवढंच. उदयसिंगच्या मारुतीला नवा बेल्ट इंद्रभान मिस्त्री एकटा बसवणार, धम्मरत्न पान्याला हात लावणार नाही, आणि गाडी चालू झाली की सोमवारी धम्मरत्न संभाजीनगरला बायकोपोरीकडे निघून जाणार. मग सणावाराला येईल तेवढाच.

बेल्ट बसला. गाडी चालू होईना.

अनसिंग गावात पुसद रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कडुनिंबाखाली एक टिनाचं शेड आहे. पाटी होती ती कोणत्यातरी वावटळीत उडाली, पुन्हा कोणी लावली नाही. लोक ‘इंद्रभान मिस्त्रीकडं’ म्हणतात आणि पोचतात. इंद्रभानचा बाप लोकांच्या वावरात राबला, आजाही राबला. इंद्रभान तेवढा पोरवयात वाशीमच्या एका गॅरेजात फडकं मारायला राहिला आणि हातात कसब घेऊन गावी आला. गाडी रस्त्यावरून गेली तरी नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, हिचा कोणता व्हॉल्व्ह बोलून राह्यला.

त्याची एक खोड होती. इंजिन खोलायच्या आधी तो बायकोची, लिलाबाईची, नखांना लावायची लाल पॉलिश घ्यायचा आणि जिथं काही जुळवून बसवायचं असेल तिथं एकेक ठिपका द्यायचा. कंपनीनं लोखंडात ठोकलेली खूण असतेच. पण ती टाचणीच्या टोकाएवढी, मळात बुजून जाते. लाल ठिपका कसा, लांबून हाक मारतो. “कंपनीची खून कंपनीसाठी, माही खून माह्यासाठी,” असं तो म्हणायचा. लिलाबाई कुरकुरायची की जलमात एकदा नखं रंगवली नाहीत आणि बाटल्या मात्र गाड्यायच्या पोटात रिचवल्या. ती वारली, तरी तो दर वर्षी जनरल स्टोअरमधून एक लाल बाटली आणायचाच. दुकानदार गालात हसायचा. इंद्रभान त्याच्याकडं न पाहता पैसे टाकायचा.

मागच्या वर्षापासून मात्र त्याचं काही खरं नव्हतं. पाना उचलला की आधी अंगठ्यानं त्याचं तोंड चाचपायचा. समोरून आलेला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचा आणि आवाज ओळखला की मगच नावानं बोलवायचा. वाशीमच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची. “उरली हाय ना, मंग झालं,” इंद्रभान म्हणाला आणि थेंबाची बाटली खिळेमोळ्यांच्या डब्यात ठेवून दिली.

धम्मरत्न त्याचा एकुलता एक. वय चौतीस. अनसिंगातून निघायची त्याची ही काही पहिली वेळ नव्हती. आयटीआय झाल्यावर चाकणच्या कंपनीत लागला होता, तर आई आजारी पडली. पाहून येतो म्हणून आला आणि तिची माती करूनच मोकळा झाला. मग म्हटलं, बुढा सावरेपर्यंत राहू. बुढा सावरला तोवर कंपनीनं दुसरा माणूस घेतला. मग लग्न. बायको पौर्णिमा, किन्हीराजा गावची, नर्सिंग शिकलेली. तिला संभाजीनगरच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा दोघांनी मिळून जायचं ठरलं, तर त्याच उन्हाळ्यात इंद्रभान ऑइलच्या खड्ड्यात पडला. पौर्णिमा पोरीला, साक्षीला, घेऊन पुढं गेली. हा मागून येतो म्हणाला. असं त्याचं चाललं होतं. दार उघडायचं, हा उंबऱ्यात पाय टाकायचा आणि आतून कोणीतरी हाक मारायचं.

या खेपेला पौर्णिमानंच त्याच्यासाठी तिकडच्या एका वर्कशॉपात शब्द टाकला होता. मालक म्हणाला, सोमवारी आला तर ठेवतो, नाहीतर दुसरा पाहतो.

इंद्रभानला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ चहाची बशी फुंकत राहिला. त्याच दुपारी उदयसिंगची जुनी मारुती आठशे ट्रॅक्टरच्या मागं दोरीला बांधून आली. चालत्या गाडीत टायमिंगचा बेल्ट, इंजिनाची खालची-वरची चाकं एका तालात फिरवणारा पट्टा, तुटला होता; तोही आधी इंद्रभाननंच बसवलेला. उदयसिंग जवळच्या तांड्यावरचा, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस. त्याला बायकोला घेऊन कारंज्याला लेकीकडं, नातवाच्या बारशाला जायचं होतं.

इंद्रभाननं गाडीच्या बोनटवर हात ठेवला आणि लेकाला म्हणाला, “हिचा बेल्ट मी लावतो. एकटा. तू मधात येऊ नोको. चालू झाली तं समजून घे का मले कोनाची गरज नाई. आन जाय.”

“आन नाई झाली तं?”

“काहून नाई होईन?”

यावर धम्मरत्नला बोलता आलं असतं. पण बापाचं ते बोलणं त्याला खरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो समोरच्या चहाच्या टपरीवर शेडकडं पाठ करून बसला. तोंड करून बसला असता तर उठून मदतीला गेला असता. मागून पान्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, थांबला की धम्मरत्न कप तोंडापाशी तसाच धरून राहायचा. मग पुन्हा पाना वाजायचा. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बापाची हाक आली. हाकेत हुरूप होता. उदयसिंग आणि त्याची बायको रुपाबाई येऊन बसले होते. रुपाबाई तर गाडीतच मागच्या सीटवर लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्यानं उतर म्हटलं तर तिनं सांगितलं, “मी उतरली का तुमी दोघं गप्पा हानत बसता. मी अशीच जातो कारंज्याले.”

इंद्रभाननं चावी फिरवली.

स्टार्टर फिरला. फार छान फिरला, आणि तेच वाईट होतं. पाणी आटलेल्या हापशीचा दांडा जसा रिकामा खालीवर होतो, तसं इंजिन हलकं हलकं फिरत राहिलं. दम नाही, ठोका नाही. मधेच एकदा कार्बोरेटरमधून ‘फस्स’ करून शिंकलं. इंद्रभाननं चावी सोडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तसंच.

“कॉइल गेली असन,” तो म्हणाला. “बेल्ट मी बसवला थो बराबर हाय. तू करंट पाह्य.”

बेल्ट बदलल्याबरोबर गाडी चालू होत नसेल तर पहिलं बेल्टाकडंच पाहायचं, हे धम्मरत्नला याच माणसानं शिकवलं होतं. पण तो गुमान करंट पाहायला लागला. त्याला बिघाड हवा होता, फक्त बेल्टाच्या बाहेरचा हवा होता. प्लगची वायर काढून त्यानं लोखंडाजवळ धरली आणि उदयसिंगला सेल्फ मारायला सांगितलं. टचटच करत निळी ठिणगी उडाली. एरवी अशी ठिणगी पाहून मिस्त्रीला बरं वाटतं. धम्मरत्ननं वायर पुन्हा धरून पाहिली, पुन्हा ठिणगी उडाली. कॉइल चांगली होती.

मग त्यानं पेट्रोल पाहिलं. टाकीत होतं, नळीत होतं, कार्बोरेटरात होतं. करंट वाटून देणाऱ्या डेल्कोचं झाकण काढलं, फुंकर मारली, पुसलं. कुठं तडा नाही, कुठं ओल नाही. फ्यूज पाहिले. बॅटरीच्या तारा घासल्या, त्यांची काही गरज नव्हती तरी घासल्या. एकेक गोष्ट चांगली निघत होती आणि एकेक खिडकी बंद होत होती. उदयसिंग मागं उभा राहून सांगत होता की त्याच्या साडूच्या गाडीला असंच झालं होतं आणि शेवटी नळीत मुंगळा निघाला. धम्मरत्ननं मुंगळ्यासाठीसुद्धा नळी उलटी करून पाहिली.

इंद्रभान टायरवर बसून नुसतं ऐकत होता. कोणता स्क्रू निघाला, कोणती क्लिप उघडली, सगळं त्याला कानानं कळत होतं. लेक बेल्टाच्या बाजूला अजून गेला नाही हेही कळत होतं.

व्हॉल्व्ह वाकले असतील का? तशी आशा होती. बेल्ट धावत्या गाडीत तुटला म्हणजे तसं होऊ शकतं, आणि त्यात बापाचा काही दोष नाही. पण या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही, हेही धम्मरत्नला माहीत होतं. तरी त्यानं प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि सेल्फ मारायला लावला. हवेनं अंगठ्याला ढकलायला हवं तेव्हा ती ओढत होती आणि ओढायला हवं तेव्हा नुसती चुळबुळत होती. खालचं चाक आणि वरचं चाक आपापल्या नादात फिरत होतं, एका घरात अबोला धरलेल्या माणसांसारखं.

आता पाहायला दुसरं काही उरलं नव्हतं.

तो बोनटवर असा वाकला की बापाला मधे आपली पाठ यावी. बेल्टावरचं वरचं झाकण या गाडीला कधीचंच नव्हतं. खालच्या क्रँकच्या नटाला पाना घालून त्यानं इंजिन हातानं फिरवलं. खालच्या पुलीची खूण खालच्या काट्याशी जुळवली. ती बापानं बोटानं चाचपून बरोबर लावली होती, दात न दात बरोबर. मग वर पाहिलं. वरच्या पुलीवर, खाचेसमोर नेमका, लाल ठिपका होता. म्हणजे बरोबर. म्हणजे बापानं आपल्या जुन्या खुणेवर बेल्ट बसवला होता.

त्यानं ठिपक्यावर नख फिरवलं. नखपॉलिश कडक असते, तिचा टवका निघतो. हे मऊ होतं, नखाखाली मेणासारखं गोळा झालं. त्यानं टॉर्च मारला. रंग लाल नव्हता, केशरी होता. मग पेट्रोलचं फडकं घेऊन तो पुलीची बाकीची कड पुसत गेला. बऱ्याच दातांच्या पुढं, मळाच्या थराखाली, बापाची खरी खूण निघाली. लालभडक, अर्धी झिजलेली, आणि तिच्या पोटाशी कंपनीचा बारीक टोचा.

त्याला सगळं समजलं. बेल्ट सोडायचा, वरची पुली फिरवून खऱ्या खुणेवर आणायची, बेल्ट पुन्हा चढवायचा. थोडा वेळ लागेल. कोणाला काही कळणार नाही. डेल्कोत कचरा होता असं सांगता येईल. बाप खूश होईल, म्हणेल, मी म्हटलं होतं ना, आता जाय. आणि हा जाईल. मग पुढच्या हप्त्यात कोणीतरी चारपाच लेकरं कोंबलेला ऑटो ब्रेकसाठी घेऊन येईल.

“काय सापडलं?” इंद्रभाननं विचारलं.

“काई नाई. डेल्को पाहून राह्यलो.”

“डेल्को तं कवाचाच पाह्यला तू.”

बेल्टाला ताण देणाऱ्या पुलीचा बोल्ट धम्मरत्ननं आवाज न करता ढिला केला. बेल्ट सैल झाला. सुटायला लागला. तेवढ्यात रुपाबाईचे पाय अवघडले म्हणून ती डबा घेऊन गाडीतून उतरली, कंबर धरत बोनटपाशी आली आणि वाकून पाहायला लागली.

“बापू, माहा टिका पुसू नोको बरं,” ती म्हणाली. “दसऱ्याचा हाय थो.”

टायर करकरला. इंद्रभान उठला होता.

“कोनता टिका?”

रुपाबाईला वाटलं, मिस्त्रीला कौतुक आहे. तिनं हौसेनं सांगितलं. दसऱ्याला गाडी धुतली, चाकांना पूजलं, बोनट उघडलं, तर हे चाक उघडंच दिसलं. जे फिरते त्याला टिका लावावा म्हणून लावला. उदयसिंग म्हणत होता कुंकू लाव, पण तिनं ऐकलं नाही. “बाकीच्या गाड्यायले कुंकू चालते भाऊ. हे मारुती व्हय. मारुतीले शेंदूर लागते. तेलात कालवून लावला, म्हनून तं निंघाला नाई अजून.”

उदयसिंग हसायला लागला होता. इंद्रभानचं तोंड पाहून त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

“मले दाखव,” इंद्रभान लेकाला म्हणाला.

धम्मरत्ननं बापाचं बोट धरून शेंदरावर ठेवलं. इंद्रभाननं ते चोळलं, नाकापाशी नेलं.

“तेल हाय,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “माही कुठं हाय?”

धम्मरत्ननं बोट पुलीच्या कडेकडेनं नेलं आणि झिजलेल्या ठिपक्यावर टेकवलं. इंद्रभाननं ते बोट तिथंच राहू दिलं. कडुनिंबावरून कावळा उडाला, रस्त्यावरून पुसदची एसटी गेली, तरी काढलं नाही.

उदयसिंग भला माणूस. तो म्हणाला, “मिस्त्री, शेंदूर बी लाल, तुमची खून बी लाल. कोनी बी फसला असता.”

“कोनी बी नाई फसत,” इंद्रभान म्हणाला. मग लेकाकडं वळून, “लाव.”

आणि टायरवर जाऊन बसला.

पुढचं काम सोपं होतं आणि धम्मरत्नचे हात ते आपोआप करत होते. रुपाबाईला आपण काहीतरी बोललो हे कळलं, काय बोललो ते कळलं नाही. ती नवऱ्याला त्यांच्या गोरमाटी बोलीत हळूच विचारत होती आणि नवरा तिला गप बस म्हणून खुणावत होता. धम्मरत्ननं तिला विचारून शेंदूर पुसून टाकला, तिला बोनटच्या आतल्या पत्र्यावर जागा दाखवली, टिका तिथं लाव म्हणाला. बेल्ट चढवला. इंजिन हातानं दोनदा पुरं फिरवून पाहिलं. उदयसिंगनं चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. शिवणयंत्रासारखी चालली.

हाच आवाज ऐकायला धम्मरत्न सकाळपासून बसला होता.

रुपाबाईनं दोघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि ती दोघं कारंज्याच्या वाटेला लागली. धूळ खाली बसली. इंद्रभान लाडू न खाता हातात धरून होता.

“पह्यल्याच सेल्फले समजलं होतं मले,” तो म्हणाला. “आवाजावरून.”

“मंग बोलले काहून नाई?”

“तू काहून नाई बोलला? तुले समजलं नव्हतं?”

धम्मरत्न फडक्यानं हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

“सोमवारी जाय तू,” इंद्रभान म्हणाला. “इंजिनाले मी हात लावत नाई. पंक्चर काढीन. ऑइल बदलीन. बसीन.”

“आन कोनी ब्रेकचं काम घेऊन आलं तं?”

इंद्रभाननं लाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. खोटं बोलायला त्याला तेवढा वेळ पुरला असता. धम्मरत्न मनातून म्हणत होता, बोला बाबा, खोटं बोला, मी ऐकून घेतो.

“घेईन,” इंद्रभान म्हणाला. “तुह्यासंगं खोटं कायले बोलू. गाडी दारात आली आन मालक ‘मिस्त्री’ म्हनला का मले वापस नाई लावता येत.”

“मंग चाला माह्यासंगं.”

“आन तिथं काय करू? दिवसभर पलंगावर बसून नळाचा आवाज ऐकू?”

“मंग शेडले कुलूप लावतो. चावी घेऊन जातो.”

“लाव,” इंद्रभान म्हणाला. “पन मले आत ठेवून लाव.”

रागानं नाही बोलला. कोणत्या नटाला कोणता पाना लागतो ते सांगावं तसं बोलला. बोलून झाल्यावर त्यानं लाडू खाल्ला, सगळा, आणि तळहाताला लागलेला रवा झटकला.

धम्मरत्न निंबाच्या मागं जाऊन पौर्णिमाला फोन लावून आला. ती ड्यूटीवर होती, मागं कोणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं. त्यानं बेल्टाचं सांगितलं, शेंदराचं सांगितलं. शेंदरापाशी तिला हसू आलं, आणि मग ती एकदम थांबली. दवाखान्यात काम करणारी बाई, पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

“म्हंजे या सोमवारी नाई,” ती म्हणाली.

“नाई.”

“मंग कोनत्या?”

तो निंबाची साल नखानं खरवडत राहिला. तिनं वाट पाहिली. मग शांतपणे सांगितलं, “मी तिकडे वापस येनार नाई. हे मातर पक्कं धरून चाला. साक्षीची शाळा लागली, माही नोकरी लागली. दोन्हीतली एक बी मी सोडनार नाई.” ती चुकीचं बोलत नव्हती. बापही चुकीचं बोलला नव्हता. दोन्हीकडची खूण बरोबर होती आणि मधला पट्टा कुठंच बसत नव्हता. वर्कशॉपच्या मालकाला आपणच कळवतो, असं तो म्हणाला. ती बरं म्हणाली आणि कोणाच्या तरी हाकेला गेली.

तो परत आला तेव्हा शेडपुढं एक प्रवासी ऑटो उभा होता. मागं दोन बाया आणि एक बकरी. ऑटोवाला सांगत होता, “मिस्त्री, ब्रेकचा पायडल पार खालपर्यंत जाऊन राह्यला. जराक पाह्यजा.” इंद्रभान आधीच उठला होता. गुडघ्यावर बसून, मान वर करून, दोन्ही हातांनी ऑटोच्या खाली जॅक लावायची जागा चाचपत होता.

“सरका बाबा,” धम्मरत्न म्हणाला.

बाप सरकला. धम्मरत्ननं पोतं अंथरलं आणि ऑटोखाली शिरला.